छातीतली गाठ आणि तिचे नाव



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेले आहे. मी मात्र त्यांना 'बाई' असेच म्हणणार आहे. नववीत त्यांनी आम्हांला मराठी शिकवले आणि आमच्या तोंडी त्यांच्यासाठी दुसरा शब्द कधी बसलाच नाही. विषय निवडण्याची मोकळीक संस्थेने मला दिली, तेव्हा चिटणीसांची अपेक्षा अशी असावी की, मी संतवाङ्मयावर अथवा हैदराबादेतील मराठीच्या परंपरेवर बोलेन. या दोन्हींवर मी आजवर पुष्कळ बोलले आहे आणि आपण ते सोसलेही आहे. आज मी बोलणार आहे ते किशोरवयीन मुलींच्या स्तनांत होणाऱ्या साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, गाठींविषयी. त्या ओळखाव्या कशा आणि शस्त्राने काढाव्या कशा याविषयी.

मागच्या रांगांत काही जणांनी एकमेकांकडे पाहिले. ते स्वाभाविक आहे. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असाही प्रश्न मनात आला असेल. माझा एक अधिकार असा की, मी चौदा वर्षांची असताना, १९६४-६५ साली, मला अशी गाठ झाली होती. दुसरा अधिकार माझ्या व्यवसायाचा आहे. माझी गाठ ओळखायला आठ महिने लागले, आणि एवढा विलंब यंत्रांच्या अभावी झाला नाही, एका शब्दाच्या अभावी झाला. शब्दांचा अभ्यास हेच माझे पोट भरण्याचे साधन होते. वैद्यकीय भाग मी आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीकडून तपासून घेतला आहे. त्या शल्यविशारद आहेत आणि येथे व्यासपीठावर बसल्या आहेत. तरीही जे चुकेल ते माझे.

आम्ही काचीगुड्याला राहत होतो. दोन खोल्या आणि सात माणसे. वडील मूळचे नांदेडकडचे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा अनेक मराठी नोकरदार मराठवाड्यात गेले, आम्ही येथेच राहिलो. १९६४ च्या पावसाळ्यात, अंगावरचे ओले कपडे बदलताना, मला डाव्या बाजूला आवळ्याएवढे काहीतरी हाताला लागले. दुखत नव्हते. बोटांनी दाबले की ते बाजूला सरके. दसऱ्यापर्यंत ते लिंबाएवढे झाले, संक्रांतीपर्यंत मोसंब्याएवढे. (फळांची ही मापे घरगुती वाटतील, पण डॉक्टर मंडळीही खाजगीत याच मापांनी बोलतात असे मला कळले आहे.) मी दप्तर छातीशी धरून चालू लागले. खो-खो सोडला. ड्रिलच्या तासाला पोट दुखू लागले.

सांगायचे कोणाला, यापेक्षा सांगायचे कसे हा प्रश्न मोठा होता. आमच्या घरात त्या अवयवाला नावच नव्हते. आपण मराठी माणसे बाळाला 'अंगावर पाजतो'. म्हणजे तेथे एका अवयवाऐवजी सबंध अंगच पुढे केले जाते. मुलगी वयात आली तर तिला 'पदर येतो'. तेथेही वस्त्रावर भागते. कवितेत कुच आहेत, पयोधर आहेत, आणि परीक्षेला त्यांचा अर्थ लिहिताना मुली मान खाली घालतात. घरात बोलण्यासाठी उरते ती 'छाती'. मी आजीला म्हणाले, "आजी, माझ्या छातीत काहीतरी आहे." आजीने आईला सांगितले, "पोरीच्या छातीत दुखतंय म्हणे." आईने वडिलांना सांगितले की, मुलीच्या छातीची तक्रार आहे. वडिलांनी डॉक्टरांना तेच सांगितले. वाक्य तीन तोंडांतून गेले आणि प्रत्येक तोंडाने ते थोडे अधिक सभ्य केले.

ते दिवस क्षयाच्या धास्तीचे होते. 'छाती' म्हटल्यावर त्या डॉक्टरांच्या मनात फुप्फुसे आली यात त्यांचा दोष मी मानत नाही. त्यांनी नळी माझ्या पाठीला लावली, खोकला येतो का, घाम येतो का, वजन घटले का असे विचारले. मी तिन्हींना खरी उत्तरे दिली. मग एक्स-रे झाला. तो पाहून डॉक्टर म्हणाले, "छाती साफ आहे." त्यांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी अचूक दिले होते. घरी आजीने देवापुढे साखर ठेवली. मला ताकदीचे औषध सुरू झाले. त्या औषधाने मला भूक लागे आणि गाठ वाढे. अर्थात या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला आज ठाऊक आहे.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की, छातीच्या पिंजऱ्याच्या आतही किशोरवयात साध्या गाठी होतात. त्या फार विरळा. दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत टेराटोमा नावाची एक गाठ जन्मापासून असू शकते. तिच्यात केस असतात, क्वचित दातही असतो. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंपासून होणारी गाठ असते. बरगडीवर हाडाचा कोंब येतो. यांपैकी कित्येक अन्य कारणासाठी काढलेल्या एक्स-रेवर अवचित दिसतात. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सीटी स्कॅन झाले आणि त्यानंतर या गाठींची जागा, आकार, शेजारच्या रक्तवाहिन्यांशी असलेली त्यांची जवळीक आधी पाहता येऊ लागली. आता त्यांतील अनेक गाठी बरगड्यांमधील लहान छिद्रांतून दुर्बीण घालून काढतात. हे सारे एक्स-रेच्या वाटेने सापडते. माझी गाठ त्या वाटेवर नव्हतीच. ती बरगड्यांच्या बाहेर होती आणि परकर-पोलक्याच्या आत होती, आणि आजवर ती कोणी पाहिली नव्हती.

पुढे आजीने पाहिली. तिने आंबेहळदीचा लेप घातला. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून एका वैद्यांकडे नेले. ते वयोवृद्ध व शास्त्र जाणणारे गृहस्थ होते. त्यांनी मला तपासले नाही. आजीचेच ऐकून घेतले आणि सांगितले की, कुमारिकांना तेथे रोग होत नाही असे शास्त्र आहे, ही वयाची सूज असेल, उतरेल. आजीला फार बरे वाटले. अनेक वर्षांनी, प्राध्यापक झाल्यावर, मी ते शास्त्र शोधले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील दहाव्या अध्यायात ते खरोखर आहे. कन्यांच्या स्तनांतील वाहिन्यांची तोंडे मिटलेली असतात, म्हणून दोष तेथे पसरत नाहीत आणि त्यांना स्तनरोग होत नाहीत, असा त्याचा आशय. ज्या ग्रंथाने शस्त्रकर्माचे एवढे सूक्ष्म वर्णन केले त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि पुढच्याच अकराव्या अध्यायात ग्रंथी व अर्बुद यांचे विवेचन आहे हेही सांगते. पण त्या एका विधानाने माझे दोन महिने गेले. मिटलेल्या वाहिन्यांचा सिद्धान्त मांडणाऱ्याने किती कुमारिका तपासल्या असतील? बहुधा एकही नाही. कोणी तपासू दिल्याच नसतील.

महाशिवरात्रीच्या सुमारास गाठ सोललेल्या नारळाएवढी झाली होती. वरची त्वचा ताणून चकचकीत झाली होती आणि निळ्या शिरा उमटल्या होत्या. दप्तराने ती झाकत नव्हती.

एके दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवून घेतले. त्यांनी काय झाले असे विचारले. मी काही बोलले नाही. पुन्हा विचारले. मी रडू लागले. तेव्हा त्यांनी निबंधाची वही पुढे केली आणि म्हणाल्या, "बोलवत नसेल तर लिही." मी लिहिले, "माझ्या छातीत गाठ आहे." बाईंनी ते वाचले. जरा वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग लाल शाईचे पेन काढून, निबंध तपासताना करीत तसेच, त्यांनी 'छातीत' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर 'स्तनात' असे लिहिले. "डाव्या की उजव्या?" मी सांगितले. त्यांनी तोही शब्द घातला. "किती दिवस?" तेही घातले. मग ते पान फाडून घेऊन त्या माझ्याबरोबर घरी आल्या. आईशी काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मला बाहेरच्या खोलीत बसवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई, बाई आणि मी अशा तिघी शहरातील एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. बाईंनी शाळेतून रजा घेतली होती, आणि त्या रजा घेत नसत हे येथील जुन्या मंडळींना आठवत असेल.

तेथील डॉक्टरीणबाई मराठी नव्हत्या. चिठ्ठी आईने हातातच धरून ठेवली होती. त्यांनी मला पडद्याआड नेले, हात धुतले, ते एकमेकांवर चोळून गरम केले आणि विचारले, "कबसे है ये रसौली? दुखता क्या?" मी लगेच सगळे सांगितले. दखनीत. कधीपासून, कशी वाढली, कशी सरकते, पाळी कधी आली, सगळे. ज्या मुलीला आठ महिने मराठीत एक शब्द उच्चारता आला नव्हता ती परक्या भाषेत पाच मिनिटे बोलत होती. रसौली या शब्दाला माझ्या घरात कोणी लाजत नव्हते, कारण माझ्या घरात तो कोणी वापरतच नव्हते.

आपल्या हैदराबादेला या बाबतीत एक वारसा आहे. येथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. त्यासाठी दारुल तर्जुमा ही भाषांतराची संस्था उभी राहिली, आणि वैद्यकाचे शिक्षणही पुढे काही काळ उर्दूतून दिले गेले. ते शिकलेले डॉक्टर रोग्याशी त्याच्या ओळखीच्या शब्दांत बोलू शकत. पुढे ते गेले. त्याची राजकीय कारणे होती, त्यांत मी शिरत नाही. तेलुगू बोलणाऱ्या शेजारणी गाठीला 'गड्डा' म्हणत. कांदा उल्लिगड्डा, बटाटा आलुगड्डा, आणि क्षयाचा दवाखाना ज्या भागात होता तो एर्रागड्डा. शब्द इतका रोजचा की, त्याची भीती वाटू नये.

आणि मराठी गरीब आहे असे मुळीच नाही. जुन्या कोशांची पाने मी आयुष्यभर उलटली आहेत. त्वचेखालच्या मऊ, निरुपद्रवी गाठीला आपल्याकडे 'आवाळू' हा किती नेमका शब्द आहे! पायाला जखम झाल्याने जांघेत येणारे ते 'अवधाण'. गळ्याभोवती येते ती 'गंडमाळ'. काखेत येणारी 'काखमांजरी'. इंग्रज शल्यवैद्यांनी स्तनातील सरकणाऱ्या गाठीला आपापसांत उंदीर म्हटले, कारण ती बोटांखालून निसटते. आपण मात्र काखेत मांजर पाहिली. एवढी नावे आहेत, पण पायाचे, गळ्याचे, काखेचे नाव आहे आणि तेथून चार बोटे पुढे आले की भाषा मुकी होते. शासनाच्या परिभाषेत 'अर्बुद' आहे. शब्द सुश्रुताचा, भारदस्त आणि शास्त्रशुद्ध. परंतु दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईला 'सौम्य अर्बुद' असे सांगून पाहा, ती घाबरेल. लोकांनी आपणहून घडवलेला शब्द आहे 'साधी गाठ'. माझे मत विचाराल तर परिभाषाकोशात तोच घालावा.

असो. डॉक्टरीणबाईंनी आईला बाहेर येऊन सांगितले की, ही गाठ बहुधा साधी आहे. एवढ्या वयात कर्करोग होणे अत्यंत दुर्मीळ. पण ती फार वाढली आहे, काढलीच पाहिजे. "सिर्फ गाठ निकालेंगे. बाकी को हाथ नहीं लगाना. फिर तपासेंगे." त्यांचे हे वाक्य मी आजही जसेच्या तसे सांगू शकते. त्याचे मोल मला तेव्हा कळले नव्हते.

मला भूल देण्यासाठी ईथर वापरले. तो गोडूस, गुदमरवणारा वास पुढे अनेक वर्षे माझ्या स्वप्नात येई. याच शहरात, सहाव्या निजामाच्या खर्चाने, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची तपासणी करणारी दोन मंडळे डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने बसली होती. त्यांचा निष्कर्ष असा की, क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, म्हणून भूल देताना श्वासावर लक्ष ठेवावे. हृदयाला धोका नाही हे त्यांचे म्हणणे पुढे चुकीचे ठरले. पण त्या काळी येथे भूल देण्याचे काम करणाऱ्यांत रूपाबाई फर्दूनजी नावाच्या एक पारशी बाई होत्या. १८८५ साली त्या हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या होत्या. भूल देणारी जगातील पहिली स्त्री डॉक्टर म्हणून आज त्यांचे नाव घेतात. आपल्याच शहरातील या बाईंचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मी पाहिलेले नाही.

गाठ अर्ध्या किलोहून थोडी अधिक भरली. स्तनाच्या खालच्या घडीत छेद घेऊन ती सबंध, तिच्या आवरणासह, सोलून काढली होती. पंधरा दिवसांनी तपासणीचा कागद आला: फायब्रोअडिनोमा, साधी. तंतू आणि ग्रंथी यांची मिळून झालेली गाठ. कागद घेऊन बाई वर्गाबाहेर उभ्या राहिल्या आणि मला खुणेने बोलावून एवढेच म्हणाल्या, "शुद्धलेखन तपासून आलंय. चूक नाही."

आता यामागील शास्त्र थोडक्यात सांगते. किशोरवयीन मुलींच्या स्तनात आढळणाऱ्या गाठींत फायब्रोअडिनोमा सर्वांत नेहमीची. बहुतेक लहानच राहतात. क्वचित एखादी काही महिन्यांत भराभर वाढते; पाच सेंटिमीटरहून मोठी किंवा अर्ध्या किलोहून जड झाली की, तिला महाकाय म्हणतात. माझी तशी होती. ती का वाढते हे पुरतेपणी उलगडलेले नाही, परंतु वयात येताना शरीरात जी संप्रेरके वाढतात त्यांना ती अधिक प्रतिसाद देते असे मानतात. मारामुळे, घट्ट कपड्यांमुळे किंवा विचारांमुळे ती होत नाही. या शेवटच्या शब्दावर मी मुद्दाम जोर देते. माझ्या एका मावशीचे तेच निदान होते.

आज अशी मुलगी डॉक्टरांकडे गेली तर प्रथम हाताने तपासतात, मग सोनोग्राफी करतात. मॅमोग्राफी या वयात करीत नाहीत. ऊती दाट असल्याने तिच्यात नीट दिसत नाही आणि किरणांचा भार विनाकारण पडतो. गाठ लहान असेल आणि चित्र साध्या गाठीचेच असेल, तर काही महिन्यांच्या अंतराने पाहत राहतात. माझ्या नातीला तेराव्या वर्षी अशी गाठ आली. तिने ती जेवताना, वरण वाढून घेता घेता, सर्वांदेखत सांगितली. तिचा बाप ठसकला. तिची गाठ वर्षभरात कमी झाली, काही करावे लागले नाही. गाठ मोठी असेल, भराभर वाढत असेल किंवा शंका असेल तर जाड सुईने तुकडा काढून तपासतात आणि मग शस्त्रक्रिया. छेद शक्यतो अशा जागी घेतात की, व्रण घडीत अथवा स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळाच्या कडेला लपेल. गाठीने दाबून कडेला पातळ झालेली निरोगी ऊती हळूहळू पूर्वपदावर येते, ताणलेली त्वचाही बरीचशी आक्रसते. म्हणून तेथे घाईने कापाकापी करून आकार देण्याची बहुधा गरज पडत नाही. मला पुढे दोन मुले झाली. दोन्ही मुले अंगावर प्यायली, दोन्ही बाजूंनी.

आणखी एक सूचना आमच्या डॉक्टरीणबाईंनी आवर्जून सांगायला लावली आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या स्तनाग्राखाली, पुष्कळदा आधी एकाच बाजूला, चकतीसारखे घट्ट लागते. ती गाठ नव्हे. तो स्तनाचा अंकुर. गाठ समजून तो कापला तर त्या बाजूचा स्तन पुढे वाढत नाही. मुलांनाही वयात येताना स्तनाग्राखाली असे लागते. बहुतेकांचे ते वर्ष-दोन वर्षांत जाते. तीही मुले ड्रिलच्या तासाला शर्ट काढत नाहीत, आणि त्यांना कोणी वही देत नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगावे की न सांगावे असा मला महिनाभर प्रश्न होता. जिचे आहे तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि गाव सांगणार नाही.

माझ्याहून वर्षाने धाकटी माझी एक आतेबहीण मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहत होती. १९६८ साली, ती सतरा वर्षांची असताना, तिलाही अशीच गाठ आली. तिने ती माझ्यासारखीच लपवली. कळली तेव्हा तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. तेथे शस्त्रक्रिया झाली आणि सबंध स्तन काढून टाकला. आधी तुकडा तपासला नाही. त्या काळी अशा गाठींसाठी तसे करण्याचा प्रघात होता हे मी नंतर वाचले, म्हणून करणाऱ्याला मी बोल लावत नाही. तपासणीचा कागद मागाहून पोस्टाने गावी आला, इंग्रजीत. गावातल्या एका डॉक्टरांनी तो वाचून आतोबांना सांगितले की, कॅन्सर होता, पण काढला, आता देवाची कृपा. ही गोष्ट गावात राहिली नाही. दोन स्थळे आली आणि परत गेली. मग कोणी विचारले नाही. तिने बालवाडी चालवली; ती चांगली चालवली.

१९८३ साली आत्या वारली तेव्हा ट्रंक आवरताना तो कागद माझ्या हाती आला. त्यावर लिहिले होते: सिस्टोसार्कोमा फायलोड्स, बिनाइन. हे नाव १८३८ साली योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. गाठ कापली असता तिच्या आत पानांसारखे पदर दिसतात म्हणून फायलोड्स. सार्कोमा म्हणजे मूळ ग्रीकात मांसल वाढ, आणि म्यूलरने तो शब्द त्याच अर्थाने वापरला. ही गाठ त्याच्या मते साधी होती. पुढे सार्कोमा हा शब्द फक्त मारक गाठींसाठी राखला गेला, तरी जुन्या नावात तो तसाच राहून गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने नंतर तो काढला आणि फायलोड्स ट्यूमर एवढेच ठेवले. अशा गाठींतील काही मारक असतात हे खरे, आणि साधी असली तरी ती पुन्हा येऊ शकते म्हणून तिच्या भोवतीच्या थोड्या ऊतीसह काढावी लागते आणि नंतर लक्ष ठेवावे लागते. परंतु तरुण मुलींत बहुसंख्य साध्याच असतात. माझ्या बहिणीची साधी होती. कागदावर तसे स्पष्ट लिहिले होते. वाचणाऱ्याने सार्कोमापाशी वाचणे थांबवले. पुढचा शब्द कोणी वाचलाच नाही, पंधरा वर्षे.

मी तो कागद तिला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे अक्का, मला काही झालंच नव्हतं का गं?" मी 'नाही' म्हणाले. ते अचूक नव्हते. 'झालं होतं, पण साधं होतं' असे म्हणायला हवे होते. आयुष्यभर शब्दांचे काम करून ऐन वेळी मला तेवढे सुचले नाही. ती उठली आणि पोळ्यांचे पीठ मळायला बसली. त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता. या व्याख्यानाची परवानगी मागायला मी फोन केला तेव्हा तीच म्हणाली, "सांग. पण तो शेवटचा शब्दही सांग." म्हणून मी तो सांगितला. बिनाइन.

माझे बोलणे येथे संपते. यानंतर डॉक्टरीणबाई प्रश्नांची उत्तरे देतील. संस्थेने माझी एक विनंती मान्य केली आहे: सभागृहाच्या दोन्ही दारांपाशी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. ज्यांना उभे राहून विचारता येणार नाही त्यांनी लिहून द्यावे. नाव घालू नये. घरचे जे शब्द येतील ते चालतील; छाती लिहिले असेल तर मी दुरुस्त करून वाचेन.